टॉवेलमधील दोषाचे मूळ शोधताना: पॅरेटो, फिशबोन की पाच 'का'?

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणाऱ्या कारखानदाराकडे माल परत येऊ लागला की दोषाचे मूळ कोणत्या पद्धतीने शोधावे, हे आधी ठरवावे लागते. कारण पॅरेटो, फिशबोन आणि पाच 'का' या तीन पद्धती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

पॅरेटो आलेख कारण सांगतच नाही. रंगफरक, निघालेले लूप (टॉवेलच्या पृष्ठावरील धाग्यांचे फासे), तेलाचे डाग, वजनातील तूट हे दोष मोजून उतरत्या क्रमाने मांडले की प्रथम कशाला हात घालावा, एवढेच त्यातून कळते. मात्र नगांऐवजी रुपयांत मोजणे अधिक योग्य, कारण डाग बहुधा धुऊन काढता येतो, रंगफरकाचा माल मात्र कमी भावात विकावा लागतो.

जपानी अभियंते काओरू इशिकावा यांची फिशबोन आकृती, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखी, प्रत्येक काट्यावर एक संभाव्य कारण लिहिलेली आकृती, रंगफरकासारख्या, अनेक खात्यांत विखुरलेल्या दोषासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटते. सुताचे मिसळलेले लॉट, पाण्याचा जडपणा, रंगाचे वजन, तापमान आणि वेळ हे सारे एका कागदावर आल्यामुळे रंगणी आणि विणाई यांच्यातील परस्पर दोषारोप थांबतात. तरीही तिच्यावरील प्रत्येक काटा हा केवळ अंदाज असतो. सुताचा संशय असेल, तर दोन्ही लॉटच्या लड्या एकाच वेळी एकाच द्रावणात रंगवून पाहाव्यात. छटा तेव्हाही वेगळी आली, तरच सुताला दोष द्यावा.

एकाच मागावर ताणा (कापडातील उभा धागा) पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर टोयोटाच्या कारखान्यांत रूढ झालेली पाच 'का'ची साखळी पुरते. धागा का तुटतो? कोरडा पडतो म्हणून. कोरडा का पडतो? उन्हाळ्यात शेडमधील आर्द्रता घटते म्हणून. ती का घटते? हवा दमट ठेवणारे पाण्याचे फवारे चोंदले म्हणून. ते का चोंदले? पाण्यातील क्षार साचले म्हणून. ते का साचू दिले? सफाई कोणाकडेच सोपवलेली नव्हती म्हणून. ही साखळी 'कामगाराचे दुर्लक्ष' या उत्तरावर तोडणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. दोन कारणे एकत्र काम करत असतील, तर मात्र ही सरळ रेषा अपुरी पडते आणि फिशबोनकडेच वळावे लागते.

नोंदी नसलेल्या कारखान्याने आधी तपासणीच्या टेबलावर दोषवही सुरू करावी, पॅरेटो त्यानंतर काढावा. येथील अनेक विणकरांची घरची भाषा तेलुगू असल्याने फिशबोनच्या बैठकीत त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे, कारण मागाजवळ दिवसभर उभे राहणाऱ्यालाच धागा नेमका कुठे घासतो, हे ठाऊक असते.