बेळगावच्या टिळकवाडीतला रविवारचा अर्थशास्त्राचा क्लास, सहा रविवार बसून आलो

तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एका जुन्या घराच्या माडीवर हा क्लास चालतो, सहा रविवार, फी १२०० रुपये, आणि सगळं मराठीतून म्हणून गेलो. मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, परीक्षा वगैरे काही द्यायची नाही, पण २०२० ला ऑर्डरी थांबून चार महिने अर्ध्या पगारावर काढले तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता, टीव्हीवर 'अर्थव्यवस्था सावरली' म्हणतात तेव्हा नेमकं कोण सावरलेलं असतं?

सरांनी दुसऱ्याच रविवारी ते फळ्यावर मांडलं. एप्रिल-जून २०२० चा आपला जीडीपी, म्हणजे देशात तयार झालेल्या सगळ्या माल-सेवांची किंमत, २३.९ टक्के पडला असं तेव्हा जाहीर झालं होतं, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ, पेपरात पहिल्या पानावर. सर म्हणाले महिन्याला १०० टन ओतकाम करणारी फौंड्री धरा, ती ७६ वर आली, आता त्या ७६ वर २० टक्के वाढवा, किती झाले? ९१. म्हणजे वाढ एवढी दिसते तरी ९ टन अजून भरून यायचेच आहेत. इतकी वर्षं बातम्या बघतोय, हा हिशोब कुणी सांगितला नव्हता.

पण खरा क्लास जर्मनी कसा सावरला ते घेतलं त्या दिवशी झाला. २००९ ला त्यांचा जीडीपी ५ टक्क्यांहून जास्त पडला तरी बेकारी फारशी वाढली नाही, कारण कुर्झआर्बाइट, म्हणजे मालकानं माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे, आणि बुडालेल्या पगारातले ६० टक्के (पोरं असतील तर ६७) बेकारी विम्याच्या पैशातून मिळणार. ऑर्डरी परत आल्या तेव्हा हात बसलेली माणसं जागेवरच होती. आमचे दोन जुने मोल्डर (साचे करणारे) लॉकडाऊनला गावी गेले ते आलेच नाहीत, नवीन पोरांचा हात बसेपर्यंत दीड वर्ष गेलं आणि तोवर माल खराब निघून रिजेक्शन किती झालं ते आम्हालाच माहीत, त्यामुळे त्या दिवशी वही भरून लिहून घेतलं.

ग्रीसचा भागही चांगला, २०१३ ला तिथं बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती आणि बेलआउटमधून, म्हणजे देश बुडू नये म्हणून बाहेरून दिलेल्या कर्जाच्या मदतीतून, बाहेर पडायला २०१८ उजाडलं. आइसलँडचा भाग ठीक.

श्रीलंका मात्र शेवटच्या अर्ध्या तासात उरकली, ते पटलं नाही. २०२२ ला कर्ज थकलं, महागाई ७० टक्क्यांच्या आसपास गेली, इतकं जवळचं उदाहरण, त्याला पूर्ण रविवार पाहिजे. झेरॉक्स नोट्सही जुन्या आहेत, मागं बसलं तर फॅनच्या आवाजात सर ऐकू येत नाहीत.

तरी १२०० रुपये वसूल. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी साडेनऊलाच पोचा, पुढची बाकं लगेच भरतात. आणि कारखान्यात काम करत असाल तर सरांना आधीच सांगा, ते उदाहरणं तशी घेतात.