फर्स्ट डे कव्हर जमवावीत, की शिक्क्यांच्या मागे फिरावं?

दोन्ही छंदांचा जीव एकाच ठिकाणी आहे: तिकिटावर पडलेल्या पोस्टाच्या शिक्क्यात. फर्स्ट डे कव्हर म्हणजे नवं तिकीट निघालं त्या पहिल्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट. ते जमवणारा शिक्क्यातली तारीख आधी वाचतो, शिक्क्यांसाठी पोस्टापोस्टांत भटकणारा गावाचं नाव. नवीन माणसाला दोन्ही खुणावतं, पण दोन्हींना लागणारा स्वभाव वेगळा आहे. तो आधी ओळखला की पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

फर्स्ट डे कव्हरचं मोठं सुख म्हणजे खात्री. तिकीट कधी निघणार हे आधीच जाहीर होतं. पाकिटाच्या डाव्या अंगाला विषयाला साजेसं चित्र असतं, त्याला कॅशे म्हणतात. शिक्का बहुधा नेटका उठतो आणि टपाल खात्याकडे नाव नोंदवलं तर संग्रह घरबसल्या वाढतो. विषयवार जमवायचं असेल, म्हणजे फक्त पक्षी, फक्त रेल्वे किंवा फक्त अवकाश, तर यासारखी सोय नाही. चित्र, तिकीट आणि शिक्का एकच गोष्ट सांगतात, त्यामुळे पान उघडताच डोळा तृप्त होतो.

पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे, शिक्क्यातली तारीख आणि शिक्का मारल्याची तारीख एकच असेल असं नाही. काही देशांत प्रकाशनानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत पाकिटं पाठवता येतात आणि त्यांवर पहिल्या दिवसाचाच शिक्का बसतो. यात फसवणूक नाही, ती रीतसर सोय आहे. तरीही मला पहिल्या दिवशी खरोखर पेटीत पडलेलं पाकीट जास्त जवळचं वाटतं. जगातलं पहिलं डिंक लावलेलं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, ६ मे १८४० पासून वापरायचं होतं. काही पाकिटांवर मात्र ते त्याच्या चार दिवस आधी, २ मे रोजीच लागलं. आज संग्राहक त्या मोजक्या पाकिटांसाठी जीव टाकतात, कारण ती कुणी जपून ठेवायला बनवली नव्हती. ती साधी पत्रं होती.

दुसरी गोष्ट किमतीची. १९६९च्या सप्टेंबरात अमेरिकेत चांद्रविजयाचं तिकीट निघालं, तेव्हा ८७ लाखांहून अधिक पाकिटांवर पहिल्या दिवसाचा शिक्का बसला. इतक्या संख्येनं असलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? पुढे भाव येईल या आशेनं घेऊ नका. आवडलं तर घ्या.

शिक्क्यांच्या मागे फिरणं म्हणजे दारावर जाऊन उभं राहणं, आणि दार बंदही असू शकतं. जपानमध्ये फुजी पर्वताच्या माथ्यावरचं पोस्ट ऑफिस फक्त उन्हाळ्यात उघडतं. हिमाचलच्या स्पीती खोऱ्यात सुमारे ४,४०० मीटर उंचीवर असलेलं हिक्कीमचं पोस्ट हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतं. अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉक्रॉयच्या पोस्टाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तिथलं टपाल फॉकलंड बेटं आणि ब्रिटनमार्गे जातं, त्यामुळे पत्राआधी तुम्हीच घरी पोहोचता. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशात हाइडअवे बेटाजवळ तर समुद्राखाली तीन मीटरवर पोस्ट आहे. पाण्यात शाई चालत नाही म्हणून तिथे शिक्का दाबून, उठावाचा उमटवतात आणि पोस्टकार्डही पाण्यात न भिजणारं लागतं. त्या कार्डावर बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागतात. कुठलंही देखणं फर्स्ट डे कव्हर मला हे देऊ शकलेलं नाही.

या वाटेवर निराशा येतेच. मी बराच प्रवास करून मिळवलेला एक शिक्का गुळगुळीत कार्डावर सुकण्याआधीच फरफटला, गावाचं नाव अर्धंच राहिलं. तेव्हापासून काही गोष्टी मी चुकवत नाही. कार्ड खरखरीत कागदाचं घेतो. पाकीट असेल तर आत जाड पुठ्ठा सरकवतो, म्हणजे शिक्का सपाट बसतो. तिकिटाशेजारी मोकळी जागा सोडतो, म्हणजे शिक्क्याचा काही भाग तिकिटावर आणि गावाचं नाव कोऱ्या कागदावर येतं. आणि कार्ड खिडकीत देण्याआधीच हातानं शिक्का मारायची विनंती करतो; एकदा ते यंत्राकडे गेलं की काही म्हणता येत नाही. दोन कार्डं करा, एक हातात परत घ्या, दुसरं टपालात सोडा.

प्रवास जमत नसेल तर मधली वाटही आहे. बरीच पोस्ट ऑफिसं टपालानं आलेल्या पाकिटावर आपला शिक्का मारून पुढे पाठवतात. अमेरिकेतल्या लव्हलँडला लोक याच पद्धतीनं व्हॅलेंटाइनची शुभेच्छापत्रं मोठ्या लिफाफ्यात घालून पाठवतात, आणि ती गावाच्या शिक्क्यासह पुढे रवाना होतात. शिक्का खराच असतो. फक्त त्याची आठवण तुमची नसते, आणि मला ही उणीव मोठी वाटते.

दोन्ही छंद एकाच पाकिटावर भेटल्याचं सर्वांत विलक्षण उदाहरण पृथ्वीबाहेरचं आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून, त्याच दिवशी निघालेल्या नव्या तिकिटांवर हातशिक्का मारला.

निवड करायची असेल तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: शिक्का पुसट आला तर ते पाकीट वहीत लावाल का? उत्तर ‘नाही’ असेल तर फर्स्ट डे कव्हर घ्या, त्यात तुम्ही सुखी राहाल. ‘हो’ असेल तर पुढच्या प्रवासाच्या बॅगेत चार खरखरीत कार्डं आणि थोडी तिकिटं टाका. माझं ते अर्ध्या नावाचं कार्ड वहीच्या पहिल्या पानावर आहे.