स्मोक मशीन रिव्ह्यू: जुनी मियाटा सिग्नलला बंद पडत असेल तर पार्ट बदलण्याआधी हे घ्या

आमच्याकडे इथे न्यू जर्सीत १९९२ ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटरची. या वयाच्या गाड्यांचं जे ठरलेलं दुखणं तेच तिलाही लागलं, म्हणजे हायवेला मस्त पळणार पण सिग्नल आला, क्लच दाबला की आरपीएमची सुई धाडकन खाली आणि गाडी बंद, आणि चालू राहिलीच तर सगळी गाडी थरथरतेय. ज्याला विचाराल तो वेगळा पार्ट सांगतो, कोणी एअरफ्लो मीटर, कोणी आयडल व्हॉल्व्ह (आयडल म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू राहणं), कोणी सरळ फ्युएल पंप. मी त्यातलं काहीच न घेता आधी स्मोक मशीन घेतलं, म्हणजे धूर सोडून हवेची गळती शोधणारं यंत्र, १२ व्होल्टचं, शंभर डॉलरच्या आसपास मिळतं तसलं, आणि जुनी पेट्रोल गाडी घरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावं असं माझं ठाम मत झालंय.

काम अगदी सोपंय. आतल्या भांड्यात बेबी ऑइल ओतायचं, हीटर त्याचा पांढरा धूर करतो, आणि छोटा पंप तो धूर अगदी कमी प्रेशरने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, ढकलतो. इंजिन बंद आणि थंड. जिथून धूर बाहेर येईल तिथून हवा आत शिरतेय.

आता हवा शिरली तर एवढं काय, तर या १.६ च्या गाडीत हवा मोजायला एअरफ्लो मीटरच्या आत एक झडप आहे, ती हवेच्या जोराने जितकी उघडेल तितकं पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. मीटर आणि इंजिनच्या मधे कुठेही चीर असेल तर ती हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं म्हणून तिथे ही चोरटी हवा भारी पडते, आणि ८० च्या स्पीडला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच हायवेला गाडी ठणठणीत वाटते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

लावायचं कसं ते सांगतो कारण सोबतच्या कागदावर काहीही धड लिहिलेलं नाहीये. मीटरकडून येणारी रबरी नळी मीटरच्या बाजूने सोडवायची आणि तिचं तोंड बंद करायचं. सोबतचा रबरी कोन मला नीट बसेना, मग नायट्राइलचा हातमोजा ओढून वरून क्लॅम्प मारला, झकास बसतो आणि मोजा फुगला की आत प्रेशर भरलं हेही कळतं. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, बाजूने काढून त्या निपलमधून धूर सोडायचा, आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) थोडा उघडा ठेवायचा नाहीतर धूर एकाच बाजूला अडकतो. मग अंधार करून टॉर्च मारा, उजेडात बारीक धूर दिसतच नाही. डिपस्टिककडून किंवा ऑइलच्या झाकणातून धूर आला तर तोही सोडू नका, या गाडीत तिथून शिरलेली हवासुद्धा पीसीव्हीमार्गे (इंजिनातली वाफ परत इनटेकला देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) इनटेकमध्येच जाते आणि आयडल बिघडवते. सायलेन्सरमधून थोडा आला तर घाबरू नका, एखाद्या सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडचे व्हॉल्व्ह त्या वेळी अर्धवट उघडे असू शकतात.

आमच्या गाडीत धूर निघाला त्या मोठ्या नळीच्या घडीतून, खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचतच नाही. वरून नळी नव्यासारखी, पण हाताने वाकवली की चीर उघडते, आणि इंजिन हललं की नेमकं तेच होतं. दुसरा धूर पीसीव्ही व्हॉल्व्हच्या रबरातून, ते तर कडक प्लास्टिक झालेलं. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून लीक शोधण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, गरम एक्झॉस्टजवळ पेट घेणारं काहीतरी फवारायचं हे मला कधीच पटलं नाही.

दोन्ही बदलल्यावर मग आयडल सेट केलं, गाडी पूर्ण गरम करून, बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डब्यात TEN आणि GND (ग्राउंड) लिहिलेल्या पिना वायरने जोडून, ठिणगीचं टायमिंग १० डिग्री आणि आयडल ८५० आरपीएमच्या आसपास. हा क्रम महत्त्वाचा, लीक असताना आयडलचा स्क्रू फिरवून आयडल वाढवलं तर रोग तसाच राहतो.

मशीनची मर्यादाही सांगायला हवी. बंद पडणं थांबलं पण हलकी थरथर उरली होती, ती होती प्लगच्या वायरची, आणि ती काही धुरात दिसणार नाही. त्यासाठी चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघायचं, ज्याचं काढल्यावर फरकच पडत नाही तो सिलिंडर आजारी. प्लगची वायर ओढून ही टेस्ट करू नका, कॉइल जाऊ शकते.

तक्रारी आहेतच. नळी आखूड आहे, आणि तेल खुणेच्या वर गेलं तर धुराऐवजी तेलाचे थेंबच नळीतून येतात. आणि एक गोष्ट कडक शब्दात सांगतो, ही मशीनं साधी हवा वापरतात त्यामुळे पेट्रोलच्या टाकीच्या लाइनला लावायची नाहीत, त्यासाठी नायट्रोजन किंवा तसला न पेटणारा गॅस लागतो, ते काम गॅरेजचं.

घेताना आतच पंप असलेलं आणि प्रेशरचा काटा असलेलं घ्या, बाहेरच्या कॉम्प्रेसरवर चालणारं स्वस्त पडतं पण प्रेशर जास्त झालं तर चांगले सीलही जातील. १९९४ पासूनच्या १.८ वाल्यांना झडपेऐवजी हॉट वायरचा, म्हणजे तापलेल्या तारेने हवा मोजणारा, मीटर आहे, पण नळी फाटली की त्यांचंही हेच होतं, सो त्यांनीही डोळे झाकून घ्या.