ब्रिटिश पेन्शन, पुण्याचा पत्ता: दोन वर्षांच्या वापरानंतर

नोकरीची सगळी वर्षे लेस्टरमध्ये काढून २०२३ च्या दिवाळीआधी आम्ही दोघे पुण्यात कायमचे राहायला आलो. पासपोर्ट ब्रिटिश, जोडीला ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला इथे राहू देणारे), आणि उत्पन्न म्हणजे माझी ब्रिटिश स्टेट पेन्शन (नोकरीत भरलेल्या वर्गणीवर सरकार देते ती), पूर्वीच्या खासगी कंपनीची पेन्शन आणि तिथल्या बँकेतली थोडी बचत. हे सारे कोथरूडमध्ये बसून चालवणे कितपत जमते, असे लेस्टरमधले आमच्या वयाचे स्नेही वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे झाले आहे की पेन्शन देणारी यंत्रणा संथ असली तरी भरवशाची आहे आणि कराचे कागद एकदा मार्गी लागले की त्रास देत नाहीत. खरी दमछाक होते ती बँकांसमोर आपण आपणच आहोत हे पुनःपुन्हा सिद्ध करताना.

परतण्याचा निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र प्रत्येकाने कागदावर मांडून पाहिली पाहिजे. ब्रिटनची स्टेट पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते, पण भारतात राहणाऱ्याला ती वाढ मिळत नाही. पेन्शन चालू असताना देश सोडला, तर तेव्हाचाच दर पुढे कायम राहतो. मी निघाले तेव्हा नव्या पद्धतीच्या पूर्ण पेन्शनचा दर आठवड्याला २०३.८५ पौंड होता. एप्रिल २०२४ मध्ये तो २२१.२० झाला, एप्रिल २०२५ मध्ये २३०.२५ झाला, आणि माझ्या खात्यावर अजूनही २०३.८५ च्याच हिशेबाने पैसे येतात. २०२५-२६ मधला आठवड्याचा २६.४० पौंडांचा हा फरक वर्षाला १,३७२ पौंडांवर, म्हणजे सध्याच्या दराने दीड लाख रुपयांहून अधिक रकमेवर जातो, आणि दर एप्रिलमध्ये तो रुंदावत जाणार आहे. सरकारी संकेतस्थळावर दिसणारा पेन्शनचा अंदाज पाहून जे पुढच्या वीस वर्षांचे गणित मांडतात, त्यांचे गणित इथेच कोलमडते.

यामागे काही तर्क असावा म्हणून शोधायला गेले, तर तो केवळ देशादेशांतल्या करारांचा निघाला. अमेरिकेत, युरोपीय संघातल्या देशांत किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला वाढ मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथे राहणाऱ्याला मिळत नाही. जगभरात असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आहेत. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अॅनेट कार्सन यांनी हा प्रश्न ब्रिटिश न्यायालयांत आणि पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेला, पण २०१० मध्ये तिथल्या मोठ्या पीठाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करार झाला तेव्हा आमच्या ओळखीत अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या; परंतु त्यासोबत ठरलेली सामाजिक सुरक्षेची तरतूद तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दोन्हीकडे वर्गणी भरू नये एवढ्यापुरतीच आहे, पेन्शनवाढीशी तिचा काही संबंध नाही. पस्तीस-पस्तीस वर्षे सारखीच नॅशनल इन्शुरन्स वर्गणी (स्टेट पेन्शनचा हक्क जिच्यावर ठरतो ती) भरून माझी मैत्रीण मुलीकडे न्यू जर्सीला गेली आणि मी पुण्याला आले, एवढ्यावरून तिची पेन्शन वाढावी आणि माझी गोठावी, हे मला आजही पटलेले नाही. नातवंडांना भेटायला ब्रिटनला गेले की तेवढ्या मुक्कामापुरता वाढीव दर मागता येतो. त्यासाठी जाण्यायेण्याच्या तारखा कळवाव्या लागतात, आणि परतल्यावर दर पुन्हा मूळ पदावर येतो.

परदेशात राहणाऱ्यांच्या स्टेट पेन्शनचे काम इंटरनॅशनल पेन्शन सेंटर पाहते. पेन्शन दर चार आठवड्यांनी किंवा दर तेरा आठवड्यांनी घेता येते. चार आठवड्यांचा पर्याय घेतल्यास वर्षात बारा नव्हे तर तेरा हप्ते येतात आणि तारीख सतत पुढेमागे सरकत राहते. एक तारखेला पगार जमा होण्याची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला हे विचित्र वाटते, पण त्याची सवय होते. पैसे ब्रिटनमधल्या खात्यात पौंडांत घेता येतात किंवा थेट भारतीय खात्यात रुपयांत. थेट रुपयांत घेतल्यास विनिमयाचा दिवस आणि दर यांवर आपला काही ताबा राहत नाही. मी पौंडांतच घेते आणि गरजेप्रमाणे इकडे पाठवते. पाठवताना शुल्क किती हे विचारून भागत नाही, कारण शुल्क माफ म्हणणारी बँकही दरात दोन-तीन रुपये सहज काढून घेते. हजार पौंडांचे हातात नेमके किती रुपये पडतात, हा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावा.

पण रक्कम ब्रिटनमध्येच ठेवण्याचे माझे मुख्य कारण कराचे आहे. दीर्घ काळ परदेशी राहून परतलेल्या माणसाला भारतीय आयकर कायदा साधारण दोन-तीन वर्षे 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' असा दर्जा देतो; सी.ए. मंडळी त्याला आरएनओआर म्हणतात. या काळात परदेशात मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. मात्र तीच पेन्शन पहिल्यांदाच भारतीय खात्यात जमा झाली, तर ती 'भारतात मिळालेली' ठरते आणि करपात्र होते. म्हणजे तीच व्यक्ती, तीच पेन्शन, आणि कर लागणार की नाही हे ठरते पहिले जमाखाते कुठले यावर. आमच्या सी.ए.ने पहिल्याच भेटीत हे समजावून सांगितले, आणि त्यांची त्या वर्षाची फी तिथेच वसूल झाली.

ब्रिटनच्या बाजूने पाहता तिथली करमुक्त मर्यादा १२,५७० पौंड आहे, आणि ब्रिटिश नागरिकाला ती परदेशी राहूनही मिळते. नुसती स्टेट पेन्शन तिच्या आत बसते, पण तिच्यात कंपनीची पेन्शन जोडली की मर्यादा ओलांडली जाते आणि कंपनीच्या पेन्शनमधूनच कर कापला जाऊ लागतो. १९९३ च्या भारत-ब्रिटन करारानुसार अशी खासगी पेन्शन राहत्या देशातच करपात्र आहे (सरकारी नोकरीच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत), त्यामुळे ती कपात थांबवता येते. त्यासाठी डीटी-इंडिव्हिज्युअल हा अर्ज भरून एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटिश करखात्याकडे, पाठवायचा आणि सोबत भारताच्या आयकर विभागाचे निवासी असल्याचे प्रमाणपत्र जोडायचे. हे प्रमाणपत्र मिळवायला १०एफए क्रमांकाचा अर्ज करावा लागला आणि ते १०एफबी नमुन्यात हाती आले. एचएमआरसीने मान्यता दिली की पेन्शन देणाऱ्या संस्थेला 'एनटी' हा करसंकेतांक कळवला जातो आणि कपात बंद होते. आधी कापलेली रक्कमही परत मिळाली. या सगळ्यात महिने गेले, पण हेलपाटे फार पडले नाहीत. एक बारीक अडचण कायमची आहे: ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि आपले १ एप्रिलला, त्यामुळे तिकडून आलेले वार्षिक विवरण इकडच्या विवरणपत्रात जसेच्या तसे उतरवता येत नाही; हप्ते एकेक करून वेचावे लागतात.

आता बँका. लेस्टरच्या ज्या बँकेत माझे खाते अनेक वर्षांपासून होते, तिने पत्ता भारतीय झाल्याचे कळवताच खाते चालू ठेवता येणार नाही असे पत्र धाडले. मुदत दिली होती, पण ती पत्रावरच्या तारखेपासून मोजलेली होती, आणि पत्र सोसायटीच्या पेटीत येऊन पडेपर्यंत तिचा बराच भाग संपला होता. परदेशी पत्ता चालवून घेणारी दुसरी बँक मिळाली खरी, पण तिथून मूळ मुद्दा सुरू झाला: प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी ब्रिटिश मोबाइलवर. त्यासाठी मी तिथले प्रीपेड सिम एका जुन्या फोनमध्ये जिवंत ठेवले आहे. संदेश फुकट येतात, पण काही महिन्यांतून एकदा पैसे पडतील असा वापर केला नाही तर कंपनी क्रमांक काढून घेते. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीशेजारी 'यूके सिम, एक मेसेज' अशी नोंद असते. फोनच्या अॅप स्टोअरचा देश बदलून भारत केला तर बँकेचे अॅप तिथे सापडेनासे होते, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी बँक, मोबाइल क्रमांक आणि सरकारी संकेतस्थळांचे लॉगिन यांची व्यवस्था विमानात बसण्यापूर्वी लावावी. तिथल्या पत्त्यावर जे काम एका दुपारचे असते, ते इथून अशक्यप्राय होऊन बसते.

भारतीय बँकेचा अनुभव वेगळ्या जातीचा आहे. कायमचे परतल्यावर एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते, तसेच चालू ठेवता येत नाही, आणि पौंड पौंडांतच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन खाते, उघडावे लागते. आमच्या शाखेत हे खाते कुणी उघडलेलेच नव्हते. 'मॅडम, तुम्ही एनआरआय आहात ना, मग एनआरईच राहू द्या,' असे काउंटरवरची मुलगी अत्यंत आपुलकीने सांगत राहिली. शेवटी मुख्य कार्यालयाला इ-मेल गेला तेव्हा फॉर्म निघाला. त्यातही नावाचा घोळ. ब्रिटिश पासपोर्टवर माझे नाव आणि आडनाव एवढेच आहे, जुन्या पासबुकावर आडनाव आधी आणि मधोमध पतीचे नाव आहे, आणि पॅनकार्डावर तिसराच क्रम आहे. माणसाला हे एकच नाव दिसते, संगणकाला तीन बायका दिसतात. नावे जुळत नाहीत म्हणून एकदा पाठवलेली रक्कम परत गेली. अखेर सर्व ठिकाणी पासपोर्टप्रमाणे नाव करून घेतले. परकीय नागरिक म्हणून पॅनसाठी वेगळा अर्ज असतो, आणि आधार काढायचे तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते, त्यामुळे ही दुरुस्ती टप्प्याटप्प्यानेच होते.

हयातीच्या दाखल्याविषयी बरेच जण धास्तावलेले असतात. आपल्याकडच्या पेन्शनरांना २०१४ पासून जीवन प्रमाण या डिजिटल दाखल्याची सोय आहे आणि आता चेहरा दाखवूनही काम भागते. ब्रिटिश दाखला मात्र टपालाने येतो, साक्षीदारासमोर सही करून टपालानेच परत करायचा असतो. तो वेळेत पोहोचला नाही तर पेन्शन थांबू शकते, म्हणून पत्ता बदलल्यास आधी पेन्शन सेंटरला कळवावे. साक्षीदार नात्यातला नसावा आणि बँक अधिकारी, शिक्षक, वकील अशा मान्य व्यवसायांपैकी असावा, एवढी अट आहे; तो ब्रिटिश असण्याची गरज नाही. बँकेतल्या साहेबांनी 'आमच्या यादीत हा फॉर्म नाही' म्हणून हात वर केले. पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या दंतवैद्यांनी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात सही-शिक्का करून दिला आणि चहाही पाजला. फॉर्मची दोन्ही पाने स्कॅन करून ठेवावीत आणि परत पाठवताना स्पीड पोस्टची पावती जपावी.

माझ्या वयाच्या स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. मुले लहान असताना घरी राहिलेल्या कित्येक जणींच्या नोंदींत होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शनची, म्हणजे मुलांसाठी घरी राहिल्याची पेन्शनला धरायची, वर्षे धरलीच गेलेली नाहीत, विशेषतः ज्यांनी मे २००० पूर्वी चाइल्ड बेनिफिटच्या (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याच्या) अर्जावर नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लिहिला नव्हता त्यांच्या. ही व्यवस्था १९७८ ते २०१० या काळात होती आणि त्यासाठीचा सीएफ४११ हा अर्ज पेन्शन सुरू झाल्यावरही करता येतो. नव्या पद्धतीत पूर्ण पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे पस्तीस आणि किमान पेन्शनसाठी दहा वर्षे लागतात, तेव्हा सुटलेले प्रत्येक वर्ष मोलाचे आहे, आणि दर गोठणार असेल तर अधिकच.

माझा आरएनओआरचा काळ मार्च २०२६ मध्ये संपतो. त्यानंतर दोन्ही पेन्शन भारतात करपात्र होतील आणि विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, ब्रिटनमधली खाती, त्यांतली वर्षातली सर्वाधिक शिल्लक आणि ३१ डिसेंबरची शिल्लक दाखवावी लागेल. हे टाळण्याजोगे नाही. दोन्ही देशांची करखाती खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पुरवतात, आणि काळा पैसा कायद्याखालचा दंड दहा लाख रुपयांचा आहे. पैसे आधी ब्रिटनमध्ये घेण्याचा करापुरता फायदा तेव्हा उरणार नाही, म्हणून स्टेट पेन्शन थेट इकडे वळवावी असे माझ्या पतींचे म्हणणे आहे. मी मात्र तिथले खाते ठेवणार आहे. नातवंडांच्या वाढदिवसाचे पैसे आणि तिथल्या मुक्कामातला खर्च त्यातूनच होतो, आणि एकदा बंद केलेले ब्रिटिश खाते पुण्याच्या पत्त्यावर पुन्हा उघडून देणारी बँक शोधण्याची माझी तयारी नाही.