घोडबंदर रोडची बॅकग्राउंड चेक एजन्सी: पैसे घालवू नका
आईला सांभाळायला मावशी ठेवायच्या होत्या म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका एजन्सीकडे बॅकग्राउंड चेक करायला दिलं, १८०० रुपये घेतले. चार दिवसांनी दोन पानं हातात आली आणि त्यात लाल अक्षरात 'क्रिमिनल केस सापडली', पोटात गोळाच आला माझ्या. नीट बघितलं तर नाव-आडनाव तेच पण मधलं नाव वेगळं, आणि केस सोलापूरची, मावशी तर जन्मापासून कळव्यात. फोन केला तर म्हणे नाव मॅच झालं की आम्ही टाकतो. अहो, एखादीच्या पोटावर पाय येतो ना!

कोर्टातल्या केसची ही माहिती ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर सगळ्यांना फुकट आहे, राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, कॅप्चा भरला की झालं. पोलिसांचं सीसीटीएनएस रेकॉर्ड, म्हणजे देशभरातल्या पोलीस ठाण्यांची गुन्ह्यांची कॉम्प्युटरवरची नोंद, खासगी एजन्सीला असं उघडता येत नाही, त्यामुळे 'पोलीस डेटाबेस चेक' म्हणाले तरी भुलू नका. आणि केस दाखल झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, निकाल उघडून वाचा.

मावशी सोमवारपासून येतायत.