वाचनालयातील आभासी सहायिका आणि मोठ्याने उच्चारलेला प्रश्न

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात पावसाळ्याआधी देवघेव विभागाशेजारी माणसाच्या उंचीचा पडदा बसवण्यात आला आणि त्यावरील आभासी सहायिका सभासदांशी मराठीत बोलू लागली. त्याच सुमारास वर्गणी वाढली, त्यामुळे मी तिच्याकडे प्रथम खर्चाच्या नजरेनेच पाहिले. सुरुवातीला ती संग्रहात नसलेली पुस्तकेही खात्रीने सांगत असे. कंपनीने तिला आमच्या संगणकीय सूचीशी जोडल्यावर ते थांबले आणि माझे मतही बदलले. आता वर्गांक (पुस्तकाला विषयानुसार दिलेला क्रमांक), कपाट आणि प्रत आत आहे की बाहेर, हे ती लगेच सांगते. सूचीतील बारीक अक्षरे न दिसणाऱ्या ज्येष्ठांना तिचा मोठाच आधार झाला आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र ती खरोखर पाळते.

तरीही एक गोष्ट मला अजिबात मान्य नाही. विचारलेला प्रश्न ती आधी मोठ्याने परत म्हणते. हे यंत्र बोललेले शब्द मजकुरात उतरवून मग शोध घेते. आमच्या खिडक्या स्टेशनच्या रस्त्यावर उघडत असल्याने रिक्षांच्या आवाजात शब्द चुकतात, म्हणून खातरजमेची ही सोय. पण एका तरुणीने हळू आवाजात पुस्तक मागितले, तेव्हा ‘तुम्हाला नैराश्यावरील पुस्तक हवे आहे का?’ हे साऱ्या दालनाने ऐकले आणि ती पुस्तक न घेताच निघून गेली. आमच्या ग्रंथपाल बाई अशा वेळी काही न बोलता चिठ्ठीवर वर्गांक लिहून देतात. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्यूई पद्धतीत नैराश्याचा वर्गांक ६१६.८५२७ आहे, तो वाचून शेजारी उभ्या असलेल्याला काहीही कळत नाही.

तक्रार केल्यावर कंपनीने केवळ आवाज कमी केला. मग ज्येष्ठांना ऐकू येईना, म्हणून तो पुन्हा वाढवावा लागला. चेहरा आणि ओठांची हालचाल यांवर एवढा पैसा घालणाऱ्यांना साधा मराठी कळफलक आणि कानाला लावायचा रिसीव्हर जड का व्हावा? मार्चमध्ये कराराचे नूतनीकरण होण्यापूर्वी या दोन वस्तू बसवाव्यात, असे पत्र मी कार्यकारी मंडळाला दिले आहे. तोवर ज्यांना आजारपणाविषयी किंवा घरगुती अडचणीविषयी पुस्तक हवे आहे, त्यांनी सरळ ग्रंथपाल बाईंकडे जावे.