खादीचा तिरंगा (३ बाय २ फूट): महाग आहे, तरी घ्या

मागच्या वर्षी शाळेसाठी ऑनलाइन पॉलिस्टरचा झेंडा मागवला तर चक्र एका अंगाला सरकलेलं आणि आरे मोजले तर २२. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरला परवानगी आहे हो, पण आरे २४च लागतात ना. म्हणून यंदा खादी भांडारातून नांदेडला तयार झालेला घेतला (हुबळीचापण मिळतो).

कापड जाडसर, शिलाई सरळ, चक्र दोन्ही बाजूंनी बरोब्बर एकमेकांवर. दोरी आणि लाकडी खुंटी शिवूनच येते त्यामुळे ऐनवेळी गाठी मारायची झंझट नाही.

पण खरी तपासणी आमच्या आबांनी केली. आमचं गाव परांडा तालुक्यात, म्हणजे तेव्हा निजामाचं राज्य. १५ ऑगस्ट १९४७ ला आबा आठ वर्षांचे, मामाच्या गावी बार्शीकडं गेलेले, तो इंग्रजांचा मुलूख म्हणून तिकडं स्वातंत्र्य आलं, पोरांनी पहाटेच प्रभातफेरी काढली, गूळ-फुटाणे मिळाले, घसा बसेपर्यंत ओरडले सगळे. घरी आल्यावर अंगणात तसंच 'भारत माता की जय' ओरडले तर पणजीनं तोंडच दाबलं, कारण इकडं तिरंगा लावायला बंदी आणि वरून रझाकारांची भीती. सात-आठ कोसांवर एक देश आणि इथं दुसराच!

आमच्या गावातल्या पोरांचा नंबर तेरा महिन्यांनी लागला, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तेव्हा. दुकानात झेंडा कुठला मिळतोय, जुनं धोतर फाडलं, वर हळद-कुंकू कालवून लावलं, खाली पाला चोळला, चक्राला कपड्यांची नीळ. आरे किती काढले विचारलं तर आबा म्हणाले, "मावले तेवढे."

यावेळी चष्मा लावून दोनदा मोजले त्यांनी. २४ भरले.

अर्धा स्टार कापतोय कारण पावसात भिजला की खादी जड होते, काठीला चिकटून बसते, फडकत नाही, पोरं खालून फुंकर मारत होती. आणि ओला घडी करून ठेवू नका, डाग पडतात. आम्ही सावलीत वाळवून ठेवलाय, १७ सप्टेंबरला परत काढायचाय.